आरतीला टाळ्या वाजवणारी मशीन

बुधवार, १ ऑक्टोबर २०२५. खंडेनवमी.
सकाळी ढग, दुपारी कडक ऊन. झेंडू पावसानं काळा पडला आहे, बरा मिळाला नाही. गॅसवाला आला, सिलिंडर आत आणून ठेवून गेला. उद्धवच्या कारखान्यात पूजेला गेले. आरतीच्या वेळी त्याच्या मशीननं टाळ्या वाजवल्या. बायका हसून हसून बेजार. निघताना दीपमालानं पिशवीत दोडकी घातली. संध्याकाळी दोडक्याची भाजी, ज्वारीची भाकरी. उद्धव पोटभर जेवला.

एवढं लिहून शारदाबाईंनी वही मिटली. त्या दिवसाबद्दल आणखी काही लिहावं असं त्यांना वाटलं नाही, आणि तसं कारणही नव्हतं. सणाचा दिवस सणासारखा गेला होता.

उद्धव त्यांच्या धाकट्या बहिणीचा, विमलचा मुलगा. विमल साखरखेर्ड्याला शेतकरी घरात दिलेली. घरी खायला-प्यायला कमी नव्हतं, पण पोराचं मन शेतात रमेना. आठवीला तो मेहकरला मावशीकडे शिकायला आला आणि मागच्या खोलीत राहिला. शारदाबाईंचे यजमान तहसिलीत कारकून होते, मूलबाळ नव्हतं. घरात एक पोरगा आला, त्यानं आल्या आल्या रेडिओ खोलून ठेवला, आणि यजमान रागावण्याऐवजी त्याच्या शेजारी मांडी घालून बसले. तेव्हापासून ते घर उद्धवचंच झालं.

आयटीआय करून तो पुण्याकडच्या एका कारखान्यात गेला. तिथं आपोआप चालणाऱ्या यंत्रांच्या पॅनेलवर काम शिकला. लग्नाचं बोलणं दोन-तीन ठिकाणी निघालं. मुलीकडचे पुण्याचा पगार ऐकून खूश होत आणि "मी मेहकरला परत जाणार आहे" हे ऐकून चहा न घेता उठत. यजमान गेले तसा तो खरंच परत आला. "मावशी एकटी राहीन काय," एवढंच म्हणाला. आल्यावर पहिलं काम काय केलं, तर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत एक तरंगता गोळा सोडला आणि त्याची वायर मोटरला जोडली. टाकी भरली की मोटर आपोआप बंद. त्याआधी शारदाबाई मोटर लावून पोथी वाचायला बसत आणि पाणी गल्लीत वाहून शेजारी हाका मारत. आता त्या निर्धास्तपणे पोथी वाचू लागल्या.

सुलतानपूरच्या रस्त्यावर भागवतरावांची डाळ मिल होती. भागवतराव मोठे जमीनदार, मनानं वाईट नव्हे, पण घाईचे. डाळ एकेक किलोच्या पाकिटात भरायची म्हणून त्यांनी कुठूनशी जुनी पॅकिंग मशीन आणली. ती चालवणारा माणूस काही तिच्याबरोबर आला नव्हता. ती कित्येक महिने ताडपत्रीखाली पडून होती. उद्धवनं ती सुरू केली आणि तोच तिचा ऑपरेटर झाला. मशीनवर, तिच्या पुढंमागं, निवडायला, खोक्यात भरायला अशा गावागावच्या बायका लागल्या. सकाळी रिक्षा भरून येत, संध्याकाळी रिक्षा भरून जात.

"तू नेमकं करतोस तरी काय तिथं?" असं शारदाबाईंनी एकदा विचारलं होतं. उद्धव ताटावर बसला होता.

"मावशी, हिवरा आश्रमाची पंगत पाह्यली ना तू?"

"जेवले आहे मी तिथं."

"मंग तुले समजीन. हजारो मानसं रांगेत बसतात, ट्रॅक्टरवरून पुऱ्या वाढत जातात. पण ज्याच्या पानात आधी पडली तो आधी खात नाई. सगळ्याईले वाढून होते, मंग सांगतात, आणि सगळे एकाच टायमाले घास घेतात. हे झालं तालातलं काम. आता लग्नातला बुफे पाय. ज्याले भूक लागली तो प्लेट घेऊन निघाला. कोणाचं आइस्क्रीम चालू हाये, कोणाले अजून चमचा नाई भेटला. हे झालं बिनतालाचं."

मग त्यानं हात धुऊन नीट समजावलं. त्याच्या पॅनेलमध्ये दोन डब्या. मॉड्यूल म्हणतात त्यांना. एक डबी मशीनकडचे निरोप आत घेते: पाकीट आलं, डाळ पडली, कागद सरकला. दुसरी डबी हुकूम बाहेर सोडते: पाकिटाचं तोंड चिकटवणारा जबडा मिट, पातं मार, पट्टा ओढ. दोन्ही डब्या एका घड्याळाच्या ठोक्याला बांधल्या की सगळे निरोप एका ठोक्याला आत येतात आणि सगळे हुकूम एका ठोक्याला बाहेर पडतात. जबडा मिटतो-उघडतो तो मोजून मापून, एकसारखा. बांधणी सोडली की प्रत्येक डबी आपापल्या सवडीनं चालते. मशीन तेव्हाही चालते, बंद पडत नाही, दिवाही लाल होत नाही. फक्त जबडा कधी अंमळ आधी, कधी अंमळ मागून.

"मग तो बुफे ठेवलाच कशाला?" शारदाबाईंनी विचारलं.

"त्याचंही काम पडते. नुसता एक दिवा लागते की नाई पाहाले कोण पंगत मांडीन?"

शारदाबाईंना ते पटलं होतं.

खंडेनवमीला मिलमध्ये काम बंद असे. मशीन धुऊनपुसून, तिला झेंडूची माळ घालून, पॅनेलच्या दारावर हळदीकुंकवाची बोटं ओढून पूजा होई. त्या वर्षी मांडणी चालू असताना दीपमाला मशीनच्या जबड्यावर फुलं लावत होती. दीपमाला सुलतानपूरची. तिशीतली, बारीक अंगाची, आणि तोंडाची अशी की तिच्या रिक्षातल्या बायकांना रस्ता कधी सरला ते कळत नसे. तिची जागा जबड्याजवळ. पाकीट तिरकं आलं तर ते दोन बोटांनी सरळ करायचं, एवढंच काम. त्या जबड्यावर जाळीचं झाकण होतं. पण प्रत्येक तिरक्या पाकिटाला झाकण उघडून मशीन थांबवायची म्हटलं तर दिवस पुरायचा नाही, म्हणून ते झाकण कधीचं भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. दीपमाला जबडा उघडला की हात आत घाली आणि मिटायच्या आधी बाहेर काढी. मशीनकडं बघतसुद्धा नसे. हाताला ताल माहीत होता; तोंडानं शेजारच्या शालूबाईशी सासूच्या गोष्टी चालू.

तर ती फुलं लावता लावता म्हणाली, "उद्धवभाऊ, सालभर हे आपल्याले नाचवते. आज इले सांगा नं आरतीले टाळ्या वाजवाले."

"इचे हात कुठी हायेत?" शालूबाई म्हणाली.

"हा जबडा काय हाये मंग? फटफट वाजते तं दिवसभर."

भागवतराव हसले. "कर बे उद्धव. पाहू तं दे."

उद्धवनं पॅनेल उघडलं. जबड्याला आरतीच्या चालीवर मिटवायचं म्हणजे ठोक्याची बांधणी सोडायला हवी होती. त्यानं दोन्ही डब्या मोकळ्या केल्या, एका बटणाची वायर ओढून घेतली आणि आरती सुरू झाली तसा तो बटण दाबू लागला. रिकामा जबडा फट, फट, फट वाजू लागला. बायका आधी दचकल्या, मग त्यांचा आरतीचा सूर हसण्यात बुडाला. शेवटी चाल वाढली तसा उद्धवनं हातही वाढवला. दीपमाला डोळे पुसत होती.

पुढं हळदीकुंकू सुरू झालं. शारदाबाई सवयीनं मागं सरल्या. दीपमालानं ते पाहिलं. ती आली आणि त्यांच्या हातात झेंडूचं एक टवटवीत फूल ठेवून गेली. दोडकी नंतर दिली, जाताना.

दसऱ्याचा दिवस सुट्टीचा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी वीज नव्हती. ती आली तोवर गेटवर गाड्या येऊन थांबल्या होत्या आणि भागवतराव पॅनेलजवळ येऊन उभे राहिले होते. "अबे, लाव लवकर. लोकं माह्या नावानं बोंबलून राह्यले." उद्धवनं निरोपांची डबी ठोक्याला बांधली. तेवढ्यात कोणी तरी कागदाची गुंडाळी कुठं आहे ते विचारलं. तो सांगायला वळला, परत आला आणि मशीन लावली. हुकुमांची डबी मोकळीच राहिली.

मशीन चालली. दिवा हिरवाच होता.

थोड्या वेळानं शालूबाईनं हाक मारली. "उद्धवभाऊ, आज इची चाल काऊन अशी हाये? लंगडून राह्यली."

"परवा आरतीत नाचली नं. पाय दुखत असतीन," उद्धव म्हणाला.

सगळ्या हसल्या. सगळ्यांत जास्त दीपमाला हसली.

शारदाबाईंना हे सगळं उद्धवनंच सांगितलं. भर दुपारी तो घरी आला तेव्हा त्या पावसाळ्यात सादळलेल्या कुरडया उन्हात घालत होत्या. तो अंगणात आला आणि धुण्याच्या दगडावर बसला. शर्टावर रक्त होतं. त्याचं नव्हतं.

"दीपमालाचा हात गेला, मावशी," तो म्हणाला. "बोटं. उजव्या हाताची. अंगठा राह्यला आणि करंगळी."

गाडी तिला घेऊन आधी बुलढाण्याला आणि तिथून संभाजीनगरला गेली होती. गाडी निघाल्यावर बायका बाहेर झाडाखाली बसल्या, आणि उद्धव आत जाऊन पॅनेलसमोर उभा राहिला. त्यानं डबी पाहिली. ती मोकळी होती.

"तिचा हात चुकला नाई," तो म्हणाला. "तिचा हात जसा रोज जाते तसाच गेला. जबडा चुकला. शालूबाईनं मले सांगतलं होतं, मावशी. म्या जोक मारला."

शारदाबाईंनी पाण्याचा तांब्या आणला. त्यानं तो हातात घेतला आणि तसाच धरून बसला. त्यांना काही तरी बोलायचं होतं. घाईत होतं असं, मुद्दाम थोडंच केलंस तू, देवाची मर्जी, असं माणसं म्हणतात ते सगळं त्यांच्या तोंडाशी आलं आणि एकही शब्द त्यांना धड वाटला नाही. त्यांनी त्याच्या हातातून तांब्या काढून घेतला आणि त्याचा शर्ट भिजत घातला.

दुसऱ्या दिवशी उद्धव कामावर गेला नाही. मशीन बंदच होती. चौकशीचे साहेब येऊन बघेपर्यंत ती लावायची नव्हती. त्यानंतरच्या एका सकाळी भागवतराव स्वतः घरी आले. बैठकीत खुर्चीवर बसले, चहा घेतला. दवाखान्याचं सगळं ते बघत होते, आणि ते बोलून दाखवत नव्हते. चेहरा उतरलेला होता.

"साहेबाले रिपोर्ट देल्ला," ते म्हणाले. "बाईनं चालू मशीनमधी हात घातला. काळजी घेतली नाई."

"हात तं ती रोज घालत होती," उद्धव म्हणाला. "तुम्ही पाह्यत होते. मी पाह्यत होतो. झाकण आपणच काढलं."

"झाकण आता लावलं."

"भागवतराव, चूक तिची नाई. मशीनची चाल बदलली होती. चाल म्या बदलली. हे लिवा. माह्या नावानं लिवा."

भागवतरावांनी कप खाली ठेवला. "तुह्या नावानं लिवतो. मंग साहेब विचारीन, चाल काऊन बदलली? काय सांगू, आरतीसाठी? मिलच्या मालकानं सांगतलं म्हून? कुलूप लावतीन, उद्धव. तू जाशीन, मी जाईन, ते जाऊ दे. त्या बायका कुठी जातीन? कापसात जातीन काय परत?"

उद्धवनं रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

"मी कोणाचं वाईट केलं नाई आजवर," भागवतराव शारदाबाईंकडं वळून म्हणाले. "मले झोप नाई, बाई. पण रिपोर्ट तं कोणाच्या तरी नावावर जाते नं." ते उठले. दाराशी थांबून म्हणाले, "मशीन बरोबर होती म्हून ऑपरेटरची सही लागते. त्याच्याशिवाय चालू करू देत नाईत. तू पाय काय ते."

ते गेल्यावर शारदाबाई म्हणाल्या, "अर्ज मी लिहून देते. जे झालं तसं. मराठीत लिहू, हवं तर इंग्रजीतही लिहू. बुलढाण्याला साहेबाच्या हातात नेऊन देऊ." गल्लीतल्या कितीतरी लोकांचे अर्ज त्यांनी लिहिले होते. त्यांचा अर्ज परत आल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

उद्धवनं पहिल्यांदाच मान वर केली. "आधी तिले विचारतो," तो म्हणाला. "तिले सांगतो. मंग देऊ."

दवाखान्यातून दीपमाला दिवाळीच्या आसपास घरी आली. दिवाळी उरकल्यावर उद्धव आणि शारदाबाई सुलतानपूरला गेले. त्याच्या मोटरसायकलवर मागं बसून शारदाबाईंनी मांडीवर अर्जाची पिशवी धरली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन निघून गेलेली काळी रानं होती. उद्धव एकदाच बोलला. "ती मले शिव्या देईन तं बरं होईन, मावशी."

दीपमालाचा नवरा गोविंदा दारात होता. त्यानं खाट टाकली, पाणी आणलं आणि बैल सोडायचे आहेत म्हणून निघून गेला. दीपमाला भिंतीला टेकून बसली होती. हात पट्टीत बांधलेला, उशीवर ठेवलेला. डाव्या हातानं ती लेकीच्या, छकुलीच्या, वेणीची रिबन बांधायचा प्रयत्न करत होती. रिबनीचं एक टोक तिनं दातात धरलं होतं. शारदाबाई पुढं झाल्या आणि त्यांनी ती बांधून दिली. छकुली बाहेर पळाली.

"या, बाई," दीपमाला म्हणाली. "भाऊ, तुम्ही काऊन वाळले? जेवण सोडलं की काय?"

उद्धवनं सगळं सांगितलं. आरतीसाठी डब्या मोकळ्या केल्या ते, एक बांधली आणि एक राहिली ते, शालूबाई बोलली आणि आपण हसण्यावारी नेलं ते. कुठंही स्वतःला सावरलं नाही. दीपमाला ऐकत राहिली. मध्ये एकदा तिनं पट्टीच्या हाताकडं पाहिलं आणि परत त्याच्याकडं.

"मले माहीत हाये," ती म्हणाली.

"काय माहीत हाये?"

"हातानं सांगतलं नं मले. हात बरोबर होता, जबडा आधी आला. माहा हात मले माहीत नाई काय, भाऊ?"

"मंग रिपोर्टमधी तुमच्या नावानं लिवलं ते खोटं हाये. मावशीनं अर्ज लिवला. तुम्ही अंगठा—" तो थांबला. "तुम्ही फक्त हो म्हणा."

बाहेर छकुली कोणाशी तरी भांडत होती.

"परवा शालूबाई येऊन गेली," ती म्हणाली. "बसली नाई. उभ्यानंच म्हणे, तुह्यापायी आमच्या चुली थंड्या झाल्या वं. दिवाळीले लेकराईले नवे कपडे नाई. ते शालूबाई, भाऊ. जिनं माह्या लुगड्यात माहा हात गुंडाळला. आता रिक्षातल्या साऱ्याच बायका माह्या घराकडून तोंड फिरवून जातात. तुम्ही अर्ज देसान तं मिलले कुलूप लागीन. मंग मी या गावात कशी राहू?"

"पण चूक तुमची नाई."

"नाई तं नाई. मले माहीत हाये, तुम्हाले माहीत हाये. झालं." तिनं डाव्या हातानं पदर सावरला. तो पुन्हा घसरला. "तुमची सही पायजे म्हणतात. ते देऊन टाका. मशीन चालू करा."

"मी सही केली तं चूक तुमच्या नावावर राहीन. कायमची."

"राहू द्या. माहं नाव कोणाले वाचाचं हाये?"

उद्धवनं मान खाली घातली. शारदाबाईंना वाटलं, आता तो रडेल. तो रडला नाही. दीपमालाच पुढं बोलली, आणि आता तिचा आवाज बारीक झाला होता.

"एक सांगते, भाऊ. ते टाळ्या वाजवल्या ते वाईट झालं, असं अर्जात लिवू नका. कोणालेच सांगू नका. जन्मात एक डाव माह्या तोंडातून काई निंघालं आणि मोठ्या मानसाईनं ते केलं. मालकानं केलं, मशीननं केलं. मले हसू आवरत नव्हतं. तेवढं तं माह्यापाशी राहू द्या."

चहा झाला. निघताना शारदाबाईंनी पिशवीतून फराळाचा डबा काढून दिला. अर्ज पिशवीतच राहिला. दीपमालानं डबा उजव्या बाजूनं घ्यायला हात उचलला, मग आठवून डावा पुढं केला.

परतीच्या रस्त्यावर उद्धव मिलपाशी थांबला. शारदाबाई गेटजवळ कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या. तो आत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटाला पेनाची शाई लागली होती. ती तो पँटला पुसत होता. मागून भागवतराव आले. त्यांनी शारदाबाईंना नमस्कार केला, पण नजर मिळवली नाही.

मशीन सुरू झाली. बायका परत रिक्षा भरून येऊ लागल्या. उद्धव रोज सकाळी मशीन लावायच्या आधी दोन्ही डब्या पाही, मग पुन्हा पाही, मग जबडा रिकामा चालवून कान लावून उभा राही. बायका कंटाळत. "भाऊ, आता लावा नं," असं म्हणत. मशीन आता तालात होती, पहिल्यापेक्षाही चोख. घरी मात्र तो जेवायला बसला की भाकरी मोडून तशीच धरून बसे. शारदाबाई काही बोलल्या की "हाव" म्हणे, आणि काय विचारलं होतं ते त्याला माहीत नसे. आश्रमाच्या पंगतीचं किंवा बुफेचं तो पुन्हा कधी बोलला नाही.

दीपमालाच्या जागेवर करिष्मा नावाची नवी मुलगी आली. बारावी झालेली, चपळ. पहिले काही दिवस जबड्यावर झाकण होतं. तिरकं पाकीट आलं की मशीन थांबायची, झाकण उघडायचं, पाकीट सरळ करायचं, परत लावायची. गेटवर गाड्या थांबू लागल्या. मग एके दिवशी झाकण भिंतीला टेकवलेलं दिसलं. कोणी काढलं ते कोणी सांगेना. उद्धवनं ते परत लावलं. दुपारी जेवून आला तर पुन्हा भिंतीपाशी.

त्या संध्याकाळी तो घरी आला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला. शारदाबाई पोळ्या लाटत होत्या.

"करिष्मा शिकली, मावशी," तो म्हणाला.

"काय शिकली?"

"हात घालाले. मशीनकडं पाह्यत नाई. शालूबाईशी बोलत राह्यते आणि हात बरोबर जाते, बरोबर येते." तो थांबला. "मी ओरडलो तं हसली. म्हणे, काका, कायले भेता, आता तं मशीन एकदम सुरात हाये."

शारदाबाईंचं लाटणं थांबलं. "भागवतरावांना सांग."

"सांगतलं. ते म्हणे, पायतो." उद्धव उठला. "मशीन जितकी चांगली चालवीन तितका तिचा हात बिनघोर जाईन. वाईट चालवली तं तुटीन. मी करू काय, मावशी?"

तव्यावरची पोळी करपली. त्यांनी ती काढून बाजूला ठेवली आणि दुसरी टाकली.

तो अवजारांची पेटी घेऊन जिन्यानं गच्चीवर गेला. बऱ्याच वेळानं खाली आला तेव्हा त्याच्या हातात टाकीतला तो तरंगता गोळा होता, वायरीसकट. पाणी गळत होतं. त्यानं तो पायरीवर ठेवला.

"हे काढलं का?" शारदाबाईंनी विचारलं. "चांगलं चालत होतं की."

"चालत होतं," तो म्हणाला. "तू त्याच्या भरोशावर पोथी वाचत बसते. मोटर लावली की उभी राहत जा. भरली की स्वतः बंद करत जा."

तो न जेवता मागच्या खोलीत गेला. त्यानं दिवा लावला नाही. शारदाबाई दारापर्यंत गेल्या आणि हाक मारून आल्या. उत्तर आलं, "हाव," आणि तो बाहेर आला नाही. त्यांनी त्याचं ताट झाकून ठेवलं. मग चष्मा लावला, वही उघडली आणि तारीख घातली. पेन बराच वेळ कागदावर टेकलेलं राहिलं. करिष्माचं नाव लिहावं असं त्यांच्या मनात आलं. ते त्यांनी लिहिलं नाही. त्यांनी लिहिलं:

टाकीतला गोळा उद्धवनं काढला. आजपासून मोटर हातानं बंद करायची.